उत्तर बरोबर, मग गुण का कापले?

घटक चाचणीचे पेपर घरी आले की कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं. तीन गुणांचं उदाहरण, पोराचं उत्तर बरोबर, आणि समासात लाल शाईनं दीड. 'उत्तर बरोबर आलंय न्हवं, मग मार्क कापायचं काय कारण?' असा मेसेज पडतो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. शाळेचं उत्तर एका ओळीचं असतं: 'पायऱ्या लिहिलेल्या नाहीत. बोर्डात असेच गुण जातात.' मग कुणीतरी तिसरंच काढतो. फोनचा कॅमेरा वहीवर धरला की सगळ्या पायऱ्या पडद्यावर येतात, मग पोरांची बोटं कशाला झिजवायची? तिथून गाडी फोनबंदीकडे वळते आणि गणित बाजूला राहतं.

भांडणाऱ्या तिघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, ती म्हणजे पायऱ्या तपासणाऱ्यासाठी लिहायच्या असतात. म्हणून पालकांना त्या जाच वाटतात, शिक्षकांना नियम वाटतात आणि फोनवाल्यांना हमाली. माझं म्हणणं वेगळं आहे. गणित पायरीपायरीनं लिहायलाच हवं, आठवी-नववीत तर आग्रहानं लिहायला हवं. पण पायरीला किंमत आहे ती एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जायला जे कारण लागतं त्याची. ते कारण विचारल्यावर सांगता येत असेल, तर ती ओळ गाळायचा पोराला पूर्ण हक्क आहे. सांगता येत नसेल, तर मोत्यासारख्या अक्षरात लिहूनही त्या ओळीला गुण मिळू नयेत. सध्या नेमकं उलटं चाललंय: कारण माहीत असलेल्याचे गुण कापले जातात आणि ओळी पाठ करून आलेल्याला पैकीच्या पैकी मिळतात.

पालकांचा मुद्दा आधी नीट ऐकू, कारण तो वाटतो तितका हट्टाचा नाही. '५क्ष − ३ = १२' बघताक्षणी जिला क्ष म्हणजे ३ हे दिसतं, त्या मुलीनं आधी दोन्ही बाजूंत ३ मिळवायचे, मग दोन्ही बाजूंना ५ ने भागायचं, दर ओळीच्या आधी 'म्हणून'चे तीन ठिपके काढायचे, हा तिच्या वेळेचा अपमानच आहे. यात नुसतं आईचं कौतुक बोलत नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी १९८५ साली बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग करून दाखवलं, की नवशिक्यानं स्वतः चाचपडत बसण्यापेक्षा पायऱ्यांसकट सोडवलेली उदाहरणं अभ्यासली तर तो लवकर शिकतो. शाळांना हे ऐकून बरं वाटेल. पण त्याच वाटेनं पुढे झालेल्या अभ्यासांतून असंही दिसलं, की ज्याला तो प्रकार आधीच जमलाय त्याला तीच सविस्तर मांडणी अडथळा होते. म्हणजे मुलगी कंटाळते हे खरं आहे, आणि त्या कंटाळ्याला आळस म्हणणं चूक आहे.

फक्त याच पालकांना दुसरा एक पेपर दाखवावासा वाटतो. त्यात शेवटचं उत्तर चुकलंय, कारण पोरानं सात अठ्ठे चोपन्न धरलेत. पण समीकरण बरोबर मांडलंय, रीत बरोबर आहे, आणि बाईंनी तीनपैकी दोन गुण दिलेत. या दोन गुणांबद्दल ग्रुपवर कधी मेसेज आलाय? 'उत्तर चुकलं होतं, मग गुण का दिले?' असं कुणी विचारलंय? पायऱ्यांना गुण देण्याची पद्धत हुशाराचे दीड गुण कापते तशी धडपडणाऱ्याचे दोन गुण वाचवते, आणि दहावीत ३५ च्या काठावर उभी असलेली पोरं त्या दोन गुणांवरच पलीकडे जातात. फक्त उत्तराला गुण द्या म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

आणि उत्तर बरोबर आलं म्हणजे गणित बरोबर आलं, हे तरी खरं आहे का? सोळा छेद चौसष्ट याला संक्षिप्त रूप द्या. पोरानं वरचा सहा आणि खालचा सहा खोडला, उरलं एक छेद चार. बरोबर! तसंच एकोणीस छेद पंच्याण्णव: दोन्हीकडचा नऊ खोडा, एक छेद पाच. सव्वीस छेद पासष्ट: सहा खोडा, दोन छेद पाच. एकोणपन्नास छेद अठ्ठ्याण्णव: नऊ खोडा, चार छेद आठ म्हणजे निम्मं. चारही उत्तरं बिनचूक, रीत मात्र शुद्ध वेडेपणाची. याच पोराला तेरा छेद एकोणचाळीस द्या, तो तीन खोडून एक छेद नऊ म्हणेल, आणि तेव्हा कुठे बिंग फुटेल. नुसतं उत्तर तपासणाऱ्या परीक्षेत हा मुलगा चार वेळा पूर्ण गुण घेऊन वर्ग ओलांडून गेलेला असतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर उसाचं बिल घेऊ. एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, आणि उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेली एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला. पुढे उतारा दर ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा. समजा कारखान्याचा उतारा १२.२५ टक्के आहे, तर टनाला किती बसतात? नववीतलं चलाख पोरगं डोक्यात करतं: उतारा दोननं जास्त, दोन गुणिले ३.४६ म्हणजे ६.९२, ते ३५५ मध्ये मिळवले की ३६१.९२, टनाला ३,६१९ रुपये २० पैसे. आकडा बिलावर शोभेल असा आहे, ऐकून कुणाची भुवई उडणार नाही. आता ओळीनं लिहा. जादा उतारा २ टक्के. त्यात ०.१ किती वेळा? वीस वेळा. वीस गुणिले ३.४६ म्हणजे ६९.२०. क्विंटलला ४२४.२०, टनाला ४,२४२ रुपये. फरक टनाला ६२२ रुपये ८० पैसे. एकरी चाळीस टन धरले तर २४,९१२ रुपये. आणि हा फरक पडला एका ओळीमुळे, जी त्या पोरानं लिहिली नाही: 'त्यात ०.१ किती वेळा?'

अजून एक पायरी खाली उतरायला हरकत नाही, कारण खरी मजा तिथंच आहे. हे ३ रुपये ४६ पैसे आले कुठून? १०.२५ मध्ये ०.१ चे भाग पडतात १०२.५, ३५५ ला १०२.५ नं भागा, ३.४६३ येतात. म्हणजे सरकारनं काही वेगळं बक्षीस ठरवलेलं नाही, हे सरळ त्रैराशिक आहे. मग थेट त्रैराशिकानं ताळा घ्या: ३५५ गुणिले १२.२५ भागिले १०.२५, येतात ४२४ रुपये २७ पैसे. सात पैशांची तफावत ३.४६३ मधले शेवटचे तीन सोडल्यामुळे पडली. ज्या पोराला हे दिसलं, त्याला एफआरपीची रीत पाठ करावी लागणार नाही. पुढच्या वर्षी सरकारनं दर बदलला तरी जादा उताऱ्याचा आकडा तो स्वतः काढेल. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी घोषणा आकड्याच्या होतात, पण वाद असतो तो आधीच्या ओळींचा. तोडणी-वाहतूक किती वजा केली, उतारा कुठल्या हंगामाचा धरला? हा उताऱ्याचा प्रश्न तर मुंबई उच्च न्यायालयात गेला. 'शेवटचा आकडा बघा आणि गप्प बसा' असं शेतकऱ्याला म्हणायची कारखान्याची छाती होईल का? मग पोरांच्या वहीबद्दल आपण तेच का म्हणतो?

वाद इथवर आला की हमखास रामानुजन यांचं नाव निघतं. त्यांनी कुठे पायऱ्या लिहिल्या होत्या? खरंच नव्हत्या लिहिल्या. पाटीवर आकडेमोड करायची, कोपरानं पुसायची आणि वहीत फक्त निष्कर्ष उतरवायचा, अशी त्यांची रीत होती, कारण कागद महाग होता. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रात पानंच्या पानं सूत्रं होती, सिद्धता जवळपास नव्हत्या. हे उदाहरण माझ्या बाजूला सगळ्यात जड जाणारं आहे, हे मान्य. पण पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. हार्डींनी पत्रोत्तरात मागितल्या त्या सिद्धताच, आणि अविभाज्य संख्यांबद्दल रामानुजन यांनी कळवलेले काही निष्कर्ष तपासात चुकीचे निघाले. ती चूक साध्या आकडेमोडीत सापडणारी नव्हती. वाटेतली एक अडचण त्यांनी मोजलीच नव्हती, म्हणून ती झाली. हजारात नव्हे, कोटीत एक अशा माणसालाही जे चुकवता आलं नाही, ते गंगावेशीतल्या नववीच्या पोराला माफ आहे, हा कुठला न्याय? शिवाय रामानुजन यांच्या वह्यांमधली कारणं शोधण्यात पुढच्या गणितज्ञांची आयुष्यं गेली. आपल्या पोराची वही वाचायला इतका चिवट वाचक मिळण्याची शक्यता कमी आहे.

दुसरं नाव आजोबांचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असलेला माणूस शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला उभा राहिला, की ढेपांचं वजन आणि भाव ऐकताच रक्कम सांगायचा. कागद नाही, पेन्सिल नाही, पायरी नाही. ही करामत खरी आहे आणि ती आपण गमावली याचं मलाही वाईट वाटतं. पाढे पाठ नसलेल्या पोराला पायऱ्या लिहिणंही जड जातं, कारण त्याचा सगळा जीव गुणाकारातच अडकतो. पण आजोबा करत होते ती उजळणी, आणि उजळणी चालते प्रश्नाचा साचा ठरलेला असेल तोवर. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे अशी पंचाईत उभी राहिली. साडेतीन आणे म्हणजे रुपयाचा नेमका कितवा हिस्सा हे ज्याला उमगलं होतं, त्याला नवं कोष्टक एका संध्याकाळी स्वतः मांडता आलं असणार. ज्याच्याकडे फक्त चाल पाठ होती, त्याला दुकानातल्या तक्त्याकडे बघावं लागलं असणार. पाठांतर वाईट नाही. पण साचा मोडला की पहिली हाक कारणालाच घालावी लागते.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे, आणि मला वाटतं पालकांच्या रागाचं खरं मूळ तिथे आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. तिथे पायऱ्या कोण बघतं? पर्याय निवडायचा आणि पुढे जायचं. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेलाही तेच. मग शाळेत पायऱ्यांची सवय लावून आपण पोरांना मंद करतोय, असं क्लासवाले सांगतात आणि पालकांना ते पटतं. पण बहुपर्यायी प्रश्नातले तीन चुकीचे पर्याय येतात कुठून? प्रश्न काढणारा बसून विचार करतो, की पोरं कुठली ओळ गाळतील, कुठे चिन्ह विसरतील, कुठे ०.१ ला १ धरतील. उसाच्या उदाहरणात ३,६१९.२० हा पर्याय 'ब' म्हणून नक्की असेल. तिथे वेग कामाला येतो तो चुकीची ओळ टाळता येणाऱ्यालाच, आणि ती टाळायला ती ओळ कधीतरी कागदावर उतरवलेली असावी लागते.

उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवणाऱ्या कुठल्याही कारागिराला हे समजावून सांगावं लागत नाही. नवा जॉब लागला की पहिला पीस तो 'सिंगल ब्लॉक'वर काढतो. मशीन प्रोग्रामची एक ओळ चालवतं आणि थांबतं. कारागीर टूल कुठे आलंय ते बघतो, बटण दाबतो, मग पुढची ओळ. एका पीसला तासभर गेला तरी त्याचा मालक ओरडत नाही, कारण टूल जॉब धरणाऱ्या चकवर आदळलं तर काय खर्च येतो हे त्याला ठाऊक असतं. पहिला पीस मापात आला की सिंगल ब्लॉक बंद, पुढचे पाचशे पीस सलग. पाचशेच्या पाचशे सिंगल ब्लॉकवर काढणाऱ्याला कामावरून काढतील, आणि पहिलाच पीस सलग सोडणाऱ्यालाही. दोनशेव्या पिसाला माप हललं तर? कारागीर परत सिंगल ब्लॉकवर येतो आणि कुठली ओळ दगा देते ते शोधतो. शाळेनं हे बटण चालू करून गंज चढवून ठेवलंय. पालक ते उपटूनच टाका म्हणतायत.

आता शाळांकडे वळतो. पालकांना एवढं सुनावल्यावर शाळांना सोडलं तर तो पक्षपात होईल. पायऱ्यांचा आग्रह धरणाऱ्या बहुतेक वर्गांत प्रत्यक्षात काय चालतं? 'पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं.' का बदलतं? बदलतं म्हणून बदलतं. एका संख्येचा वर्ग तिच्या पाचपट आहे, तर ती संख्या कोणती? पोरगं सुंदर मांडतं: समजा ती संख्या क्ष. म्हणून क्ष चा वर्ग = ५क्ष. दोन्ही बाजूंना क्ष नं भागून, क्ष = ५. उत्तराखाली दोन रेघा. समास आखलेला, ठिपके जागच्या जागी, खाडाखोड नाही. आणि एक उत्तर हरवलंय: शून्य. शून्याचा वर्ग शून्य, शून्याची पाचपटही शून्य. ते हरवलं 'दोन्ही बाजूंना भागून' या देखण्या ओळीत, कारण क्ष शून्य असू शकतो का हे तिथे कुणी विचारलंच नाही. पायऱ्या सगळ्या आहेत, कारण एकाही ओळीला नाही. याला फक्त 'दुसरं उत्तर राहिलं' म्हणून अर्धा गुण कापायचा आणि पुढे जायचं, की 'क्ष नं भागता येतं हे कशावरून?' असं विचारून त्याच ओळीवर दहा मिनिटं घालवायची?

दहावीच्या पेपरातले 'कृती पूर्ण करा' हे प्रश्न याच आजाराचं छापील रूप आहे. उदाहरण सोडवूनच दिलेलं असतं, मधले आकडे किंवा शब्द उचलून तिथे रिकाम्या चौकटी ठेवलेल्या असतात. कल्पना मुळात चांगली आहे. सोडवलेल्या उदाहरणातून हळूहळू हात काढून घ्यायचा, हे शिकवण्याचं जुनं आणि पारखलेलं तंत्र आहे. पण परीक्षेत त्याचं काय होतं? वरच्या ओळीत १४४ आहे, खालच्या ओळीत १२ आहे, मधल्या चौकटीत काय असेल हे ओळखायला गणित यावं लागत नाही, वाक्य वाचता आलं तरी भागतं. भूमितीची प्रमेयं तर अनेक पोरं कवितेसारखी पाठ करतात. आकृतीतली अक्षरं बदलली की कविता मोडते. इतकं करून शाळा म्हणते, आम्ही पायऱ्या शिकवतो.

भास्कराचार्यांना हे दोन्ही प्रकार ठाऊक असावेत. ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात ते म्हणतात, की उपपत्ती, म्हणजे रीतीमागचं कारण, माहीत नसेल तर गणक जाणत्यांच्या सभेत मान मिळवत नाही आणि स्वतः निःशंकही होत नाही. यातलं दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. सभेत मान मिळणं म्हणजे गुण. पण स्वतःच्या उत्तराबद्दल स्वतःची खात्री होणं ही वेगळीच कमाई आहे, ती परीक्षकाकडून मिळत नाही. लीलावतीतली सूत्रं श्लोकांत आवळून बांधलेली आहेत, पाठ करायला सोपी. पण ती शिकवणाऱ्यांनी श्लोकावर भागवलं नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास लीलावतीवर टीका लिहिली, तेव्हा सूत्रांच्या उपपत्ती मांडल्या. चारशे वर्षं वापरात असलेली, उत्तरं बिनचूक देणारी रीत. तिच्या मागचं कारण लिहायला एवढा मोठा ज्योतिषी का बसला असेल? उत्तर तर सगळ्यांचं बरोबर येत होतं!

राहिला फोन. बंदीवाल्यांशी माझं जमत नाही. फोन देतो त्या पायऱ्या आणि गाईडमध्ये छापलेल्या पायऱ्या यांच्यात वेगाशिवाय काय फरक आहे? गाईड आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्यातून उतरवलेल्या वह्यांवर बरोबरच्या खुणाही तितक्याच काळ होतायत. गंमत अशी, की या यंत्रांनाही पायऱ्या लागतातच. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं, की भाषेची मोठी मॉडेल शाब्दिक उदाहरणाचं उत्तर एकदम देण्याऐवजी मधल्या ओळी लिहीत गेली तर ती जास्त वेळा बरोबर येतात. मग पोरांनी त्या का लिहायच्या नाहीत, यंत्र लिहितंय तर? हा प्रश्न गणितज्ञांनाही पडून गेलाय. नकाशा रंगवायला, शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांचे राहतील अशा बेतानं, चार रंग पुरतात याची सिद्धता केम्प यांनी १८७९ मध्ये दिली आणि ती अकरा वर्षं मान्य होती. १८९० मध्ये हीवूड यांनी तिच्यातली चुकीची ओळ शोधली, आणि उरलेल्या चांगल्या ओळी वापरून पाच रंग नक्की पुरतात हे सिद्ध केलं. केम्पनी फक्त 'चार' असं उत्तर दिलं असतं तर? उत्तर बरोबरच होतं की! पण मग हीवूडच्या हाती काहीच लागलं नसतं. पुढे १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाकडून हजाराहून जास्त प्रकार तपासून चार रंगांची सिद्धता पूर्ण केली, तेव्हा कुणा एका माणसाला जी सगळी वाचता येत नाही तिला सिद्धता म्हणायचं का, यावर गणितज्ञ वर्षानुवर्षं भांडले. म्हणजे पायऱ्या कुणी लिहिल्या हा प्रश्न तेव्हाही दुय्यम ठरला होता. मुख्य प्रश्न होता त्या वाचून हमी कोण देणार. पोरानं फोनवरून उतरवलं असेल तर उतरवू दे. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवा आणि 'ही कशी आली?' एवढंच विचारा.

या वादात एक मंडळी कधीच बोलत नाहीत, ती म्हणजे ग्रुपवर नसलेले पालक. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, तेव्हा शाळेत आणायचं होतं ते घरात अक्षर नसलेलं मूल. आजही गगनबावडा-चंदगडाकडच्या वाड्यांवर, आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांतही, घरातलं पहिलंच दहावीला बसणारं पोर असतं. हुशारांना पायऱ्या नकोत म्हणणारे ज्या जयंत नारळीकरांचं नाव अभिमानानं घेतात, ते १९३८ मध्ये इथे कोल्हापुरात जन्मले हे खरंच. पण ते वाढले बनारसला, वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आणि मामा घरातल्या फळ्यावर त्यांच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवायचे. अशा घरात एखादी ओळ गाळली तर 'हे कसं काय आलं रे?' विचारायला माणूस हजर असतो. ज्याच्या घरी तो नाही, त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली ओळ हाच मामा. पुस्तक तिथे 'सरळ रूप दिल्यावर' असं म्हणून तीन ओळी गिळतं, तेव्हा त्या पोराचा मास्तर वाक्याच्या मध्येच उठून गेलेला असतो. पायऱ्या गाळायची मुभा मागणाऱ्यांनी आधी पुस्तकांनी त्या गाळू नयेत म्हणून आरडाओरडा करायला हवा होता.

शिक्षकांची अडचण मला मान्य आहे. साठांचा वर्ग, त्यात निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं; प्रत्येकाच्या प्रत्येक ओळीला 'का' विचारायला वेळ कुठून आणायचा? पण घटक चाचणी शाळेचीच असते, तिचा साचा बदलायला बोर्डाची वाट बघायला नको. चौकटी भरायला देण्याऐवजी एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्यावं, त्यात एक ओळ मुद्दाम चुकवावी, आणि विचारावं: कितवी ओळ चुकली आणि का? उत्तर म्हणजे एक आकडा आणि एक वाक्य. आख्खं उदाहरण तपासण्यापेक्षा हे लवकर तपासून होतं, आणि शेजारच्याचा आकडा ढापता आला तरी 'का' ढापणं अवघड जातं. आणि ज्या पोरानं बरोबर उत्तर लिहून मधल्या ओळी गाळल्यात, त्याचे गुण कापू नयेत, रोखून ठेवावेत. समासात 'दुसरी ओळ कुठून?' एवढं लिहावं. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी येऊन त्यानं सांगितलं की गुण पूर्ण, नाही सांगता आलं की दीडचे दीड. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि साठांच्या वर्गात अशी पोरं पाच-सहाच असतात.